मसाजीबुवांच्या पोथीचं शेवटचं पान

आमच्या शिरड शहापुरात कवीचं घराणं एकच. आमचं! तीस वर्षं शाळेत पोरांना मी हेच शिकवत आलोय. पुरावा? देव्हाऱ्यातली हस्तलिखित पोथी. माझ्या पणजोबांचे आजोबा मसाजीबुवा, त्यांनीच ती रचली! फक्त शेवटचं पान, जिथं कवीचं नाव असतं, तेवढंच पिवळ्या डागाखाली गेलेलं.

म्हणून विद्यापीठातल्या ऐश्वर्या मॅडम ते पान वाचायला कॅमेरा घेऊन आल्या, तेव्हा मी पारासमोर मांडवच घातला. हलगीवाले बोलावले.

"अवं, बाईला आधी वाचू तरी द्या!" माझी बायको राधिका म्हणाली.

"वाचायचं काय त्यात? नाव मला पाठ हाय!"

मॅडमनी डाग निरखला. "गुरुजी, हा हरताळ आहे, पिवळा खनिज रंग. पूर्वी लिहिलेलं खोडायला लावायचे. कुणीतरी मुद्दाम फासलाय."

"जळणाऱ्यांनी!" मी शेजारच्या संतरामकडं बघत म्हणालो. तो बिचारा शेंगा खात होता.

मॅडमनी पानावर नाना रंगांचा उजेड पाडून फोटो घेतले. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेडही असतो म्हणे, त्यात हरताळाखालची शाई उमटते. बाकीच्या पानांवरून कॉम्प्युटरला अक्षराचं वळण शिकवलेलंच होतं. मागचा-पुढचा न बघता ओळखू येईल तो शब्द तो पडद्यावर टाकू लागला.

पहिलाच शब्द आला, 'मसाजीने'!

हलगी कडाडली! सरपंचांनी माझ्या गळ्यात हार घातला.

दुसरा शब्द, 'पोथी'.

"रचली!" मी ओरडलो.

"थांबा गुरुजी, तिसरा येतोय."

'नेली'.

हलगी थांबली.

"न्हेली? कुठं न्हेली?" कुणीतरी विचारलं.

"काशीला न्हेली असंल," मी घाम पुसत म्हणालो.

मग सगळी ओळच उमटली. 'ही पोथी वैजनाथाची. मसाजीने चार दिवस वाचावयास नेली. परत आणावी.'

वैजनाथ म्हणजे संतरामच्या पणज्याचा बाप! हरताळ कुणी फासला, हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

"हार काढा आता," राधिका हळूच म्हणाली.

हार काढला. पोथी उचलली, कपाळाला लावली आणि संतरामच्या हातात दिली. त्यानं एकदा पोथीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"ठेवा की आनखी चार दिवस, गुरुजी," तो म्हणाला. "वाचायची ऱ्हायली असंल!"

अख्खा मांडव हसून हसून लोळला.

खरं सांगू? राहिलीच होती हो. सहा पिढ्या आम्ही तिची नुसती पूजाच करत राहिलो!