हरिभाऊंची उजेडाची वेणी

समोरच्या खोलीतले हरिभाऊ म्हणजे आरशाला डोळा बसवणारा माणूस. खोटं नाही सांगत. बोईसरच्या ज्या गिरणीत ते कामाला, तिथे सूत तुटलं की यंत्र थांबवणारा विजेचा डोळा असतो. तसलाच एक त्यांनी भंगारातून आणला. आरशामागचा पारा फुलांच्या वेणीच्या आकारात खरवडला, पाठीमागे पिवळा दिवा लावला. आपण समोर उभं राहिलं, की डोक्याने उजेड अडतो, डोळ्याला ते कळतं, दिवा पेटतो आणि आरशात आपल्या केसांवर वेणी चमकते.

हे करायचं तर आपल्या खोलीत करावं. पण नाही! आमच्या सालवडच्या चाळीत आरसा टांगला तो पडवीत, नळाच्या वाटेवर. आणि पारख करायला मीच सापडले. हंडा घेऊन निघाले की हाक यायचीच, "वहिनी, जरा उभ्या राहा. डोळ्याला घाई चालत नाय."

बायका म्हणायच्या, "नवरी सजली गं!" मला चारचौघांत मान वर करायची चोरी, आणि हा माणूस माझ्या डोक्यावर दिवे लावतोय! एकदा कसंबसं विचारलं, "मीच का?"

"तुमची उंची आमच्या आईएवढी हाय."

आई माकुणसारला, थोरल्याकडे. वाडीच्या वाटणीवरून भावाशी भांडून हरिभाऊ सात वर्षं तिकडे फिरकले नव्हते. तासाभराची वाट! वडील गेल्यावर आईने फुलं माळणं सोडलं होतं. "ही वेणी कोण काढतो बघू," म्हणत ते पेचकस फिरवायचे. मला त्याचाही राग यायचा. फुलं आठवतात, आणि आईला भेटायला जाववत नाही?

गणपतीला आईच आली. चाळ जमली. हरिभाऊंनी तिला आरशासमोर उभं केलं. दिवा लागेना. पुन्हा उभं केलं. नाहीच. म्हातारी कमरेत पार वाकली होती. उजेड तिच्या डोक्यावरून सरळ निघून जात होता.

"कुठं हाय रे हऱ्या, वेणी?"

हरिभाऊ पेचकस धरून आरशाकडेच बघत राहिले. कुणीतरी फिसकन हसलं. माझा तोल गेला. मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले, "बघताय काय? सात वर्षांत आई तेवढीच राहील होय? उतरवा ते खाली!"

त्यांनी आरसा काढला, डोळा काढला. गुडघ्यांवर बसून आईच्या डोक्याला पट्टी टेकवली आणि भिंतीवर पेन्सिलीने नवी रेघ ओढली. डोळा बसवताना ओढलेली माझ्या मापाची जुनी रेघ तिच्या हातभर वर होती. हरिभाऊ ती जुनी रेघ पुसायला गेले, आणि भिंतीकडे तोंड करून तसेच बसून राहिले.