इंदूअक्काचा नेम

आमच्या मुळगावच्या बसथांब्यावर सकाळी एक बाई पाण्याने भरलेला तांब्या उजव्या हातात घेऊन, तो हात खांद्याच्या रेषेत ताठ धरून उभी असते. डिचोलीची मिनीबस तिच्यासमोर थांबते. कंडक्टर दारातून विचारतो, "अक्का, येता?"

"ना."

"मगे हात कित्याक केला?"

"सराव."

बस निघून जाते. कंडक्टर नवा असला तर दुसऱ्या दिवशीही फसतो. जुने ड्रायव्हर मात्र आता थांबतच नाहीत, त्यामुळे ज्याला खरोखर डिचोलीला जायचे असते त्याने शेजारी उभे राहून हात केला तरी बस सरळ पुढे जाते. बँकेत उशिरा पोचण्याचे हे कारण मी साहेबांना सांगून पाहिले. त्यांना ते पटले नाही.

ही इंदूअक्का माझी शेजारीण. साठी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेली. लग्न केले नाही. घरात ती आणि तिचा थोरला भाऊ, एवढीच माणसे. त्याला सगळा गाव भाई म्हणतो. भाई पाळी गावच्या खाणीवर ट्रक वजन करायच्या काट्यावर होता. खाण बंद पडली तसा तो घरी आला आणि बल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरच्या, वेताच्या खुर्चीत बसला, तो अजून तिथेच आहे. खांद्यावर टॉवेल, शेजारी रेडिओ.

निवृत्तीनंतर अक्काचा हात कापू लागला. सुईत दोरा जाईना. डॉक्टर म्हणाले, वयाचे आहे, चालायचेच. दुसरी कोणी असती तर तिने सुई डब्यात ठेवून दिली असती. अक्काने टीव्हीवर पिस्तूल रोखून उभी असलेली एक मुलगी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात हजर.

"तिचो हात पळयलो? केसाइतको हालना. माका तसो हात जाय. म्हापशाक नेमबाजी शिकयतात, माका व्हर."

माझ्याकडे गाडी आहे आणि नाही म्हणायची कला नाही. तेव्हापासून माझे रविवार म्हापशाला जातात.

क्लबात शिकवायला सावंत मास्तर. फौजेतून आलेले, सावंतवाडीकडचे, मिशा अजून परेडवर असलेल्या. त्यांनी अक्काला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"अक्कानू, ह्या वयात लोक जपमाळ धरतत."

"जपमाळ कापऱ्या हातानय ओडूंक येता," अक्का म्हणाली. "माका कापरो हात नाका."

मास्तरांनी पिस्तूल काढले. एअर पिस्तूल एका हाताने धरायचे, दुसरा हात पँटच्या खिशात ठेवायचा, म्हणजे तोल राहतो, असे त्यांनी समजावले. अक्का तर साडीवर. मास्तरांना वाटले, सुटलो. पुढच्या रविवारी ती साडीला कमरेपाशी खिसा शिवून आली. त्या खिशाचे टाके इतके वेडेवाकडे होते की शिवणाच्या वर्गात असे टाके घालणाऱ्या मुलीला तिने उभे केले असते. पण डावा हात आत व्यवस्थित बसला.

तिची एक सवय मास्तरांना फार छळायची. प्रत्येक वेळी नेम धरताना ती पुटपुटायची, "वयर पळय. हालूं नाका." वर बघ, हलू नको.

"कोणाक सांगतास?" मास्तर विचारत.

"मुखार आसा ताका."

"मुखार कागद आसा. कागद हलत नाय, अक्कानू."

"हालता. तुमका दिसना."

इकडे गावात वेगळेच चालले होते. सकाळ-संध्याकाळ कोणीही अंगणात डोकावले तर भाईचे दोन्ही गाल ओले दिसायचे आणि तो टॉवेलने पुसत असायचा. बहिणीने म्हातारपणी बंदूक धरली म्हणून बिचारा रडतो, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. मलाही ते खरे वाटायचे. एकदा मी त्याला म्हटले, "भाई, तुम्हीच सांगा तिला सोडायला."

भाईने रेडिओचा आवाज वाढवला. "तिका करूं दी," एवढेच म्हणाला.

मग पणजीला स्पर्धा जाहीर झाली. मास्तरांनी मोठ्या नाखुशीने अक्काचे नाव दिले, पण अट घालून. "एक जरी छर्रो कागदाभायर गेलो, तर मी तुमका फुडे शिकवचंय नाय. माझा हसा करून घेवचा नाय माका."

त्या दिवसापासून अक्काला दुसरे काही सुचेना. तांब्याच्या जागी मोठी कळशी आली. पाव विकणारा पोदेर आला की त्याला ती आपल्या मागे उभा करून अवचित हॉर्न वाजवायला लावायची, दचकायची सवय जावी म्हणून. त्या नादात आमचे पाव थंड होऊन येत. शेवटी तिने देवळात कौलही लावला. देवीच्या मूर्तीला चिकटवलेल्या फुलांच्या कळ्यांपैकी उजव्या अंगाची पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. एरवी लोक विचारतात, हे काम करू का? अक्काने भटजींना देवीपुढे गाराणे घालायला सांगितले, "स्पर्धेतसून नाव काडूं?" कळी डावी पडली.

"पळय, देवी म्हणता काडूं नाका."

"आणि उजवी पडली असती तर?" मी विचारले.

"तर भटजीचें गाराणें चुकलें आसतें."

स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. अक्काचे पहिले छर्रे काळ्या वर्तुळात गेले. अर्ध्यावर हात कापू लागला, तो मला मागूनही दिसत होता. ती पिस्तूल खाली घ्यायची, श्वास सोडायची, पुन्हा उचलायची. बाजूचे नेमबाज आटोपून निघून गेले. वेळ संपत आली आणि एक छर्रा उरला. तिने हात उचलला, तो हलला, खाली घेतला. पुन्हा उचलला. मी देवाला हात जोडले, एरवी मी जोडत नाही.

"वयर पळय," ती चांगले मोठ्याने म्हणाली. टेबलावरच्या पंचाने मान वर केली. "हालूं नाका."

छर्रा सुटला.

तिच्या गटात ती शेवटची आली. मास्तरांनी तिचे सगळे कागद उजेडात धरून पाहिले. शेवटचा पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"काठार आसा," ते म्हणाले, "पण कागदात आसा. रविवारी येवा."

घरी पोचलो तेव्हा ऊन कलले होते. भाई खुर्चीतच होता.

"कितवी?"

"शेवटची."

"बरें."

तिने हात धुतले, आतून फ्रिजमधली एक छोटी बाटली आणली आणि भाईच्या खुर्चीमागे उभी राहिली. भाईने मान मागे टाकली. टॉवेल हातात तयार धरला.

"काचबिंदू," माझ्याकडे न बघता अक्का म्हणाली. "दोन्ही डोळ्यांनी. थेंबो रोज डोळ्यांत पडूंक जाय, ना जाल्यार नजर गेलीच. दुसऱ्या कोणाक तो डोळ्याक हात लावूंक दिना. आनी म्हज्या हातान सगळें गालार."

म्हणजे भाई रडत नव्हता. इतके महिने तो बहिणीचे चुकलेले नेम पुसत होता. मला माझी आणि गावाची लाज वाटली.

अक्काने डाव्या हाताने त्याची पापणी वर ओढली. उजवा हात स्थिर केला.

"वयर पळय. हालूं नाका."

भाई हलला नाही. थेंब पडला.

"पडलो?" तिने विचारले.

"पडलो," भाई म्हणाला. रोज तो हेच म्हणत असणार, गाल भिजला तरी. सवयीने त्याने टॉवेल गालाला लावला, आणि गाल कोरडा लागला तसा टॉवेल हळूच खाली घेतला.

"आज खरोच पडलो, इंदू."

अक्का खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि दुसऱ्या डोळ्याची पापणी वर केली.