पहारेकऱ्याची जेवणाची सुट्टी

घड्याळजींच्या धाकटीने एका सोमवारी ठरवलं, बाबांच्या दुकानाच्या वेबसाइटवर पहारा बसवायचा. साइट तिनेच बनवली होती आणि ती दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून चालायची. पहारेकरीही फुकट मिळाला. कुणा अनोळखी माणसाने लिहून, आतला कोडसुद्धा उघडा ठेवून जगाला वाटून टाकलेला एक प्रोग्रॅम. तो तिने घरच्या लॅपटॉपवर चढवला.

"करतो काय तो?" डोळ्याचं भिंग न काढता बाबांनी विचारलं.

"दर मिनिटाला साइटला विचारतो, आहेस का? उत्तर आलं नाही की माझा फोन बोंबलतो."

"दर मिनिटाला? आणि पैसे?"

"फुकट, बाबा!"

बाबांचा चेहरा पडला. (फुकट म्हटल्यावर माणसं खुलतात. बाबांचं सगळंच उलटं.)

मंगळवारी दुपारी एकला कॉलेजात फोन बोंबलला. दोनला आपोआप गप्प. बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. त्यात थोरल्या काकांचा फोन.

"मी रोज जेवताना तुझी साइट उघडतो. लागेल तर शपथ! रविवारी शेवटचं बघणार. नाही लागली तर माझ्या ओळखीच्या कंपनीला देऊन टाकू. पोरखेळ पुरे."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी तिने वायर बदलली, नेटवाल्याशी भांडली, सगळं करून पाहिलं. बाबांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. (ज्यांना माऊस कुठून धरायचा ते ठाऊक नाही, त्यांना काय विचारायचं?) शेवटी पहाऱ्याची नोंद जोडून तिने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ईमेलवर झापलं: "तुमच्या पहारेकऱ्यानेच आमची साइट बिघडवली. तो येईपर्यंत ती ठणठणीत होती."

शुक्रवारी शांतपणे उत्तर आलं. "तुम्ही पाठवलेली नोंद पाहिली. साइट रोज एकला झोपते, दोनला उठते. यंत्रं इतकी वक्तशीर बिघडत नाहीत. तिथे कुणी जेवायला तर बसत नाही ना?"

शनिवारी एकला धाकटी दुकानाच्या दारात हजर. बाबांनी हात धुतले, डबा उघडला आणि वाकून भिंतीवरचं कॉम्प्युटरचं बटण बंद केलं.

"बाबा!"

"ओरडतेस काय? घास अडकेल."

"बटण का बंद केलंत?"

"अगं, तो बिचारा दर मिनिटाला विचारत बसतो. पैसे घेत नाही. निदान तासभर जेवू दे की त्याला."

"तो माणूस नाही, प्रोग्रॅम आहे!"

"लिहिला कुणी?"

"माणसाने."

"मग?"

याच्या पुढचं कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. तिने बरंच डोकं आपटलं, तेव्हा कुठे बाबा बटण चालू ठेवायला तयार झाले. तेही एका अटीवर.

रविवारी काकांनी जेवता जेवता साइट उघडली. "लागली की गं!" ते म्हणाले, अगदी हिरमुसून. साइट धाकटीकडेच राहिली.

त्या दुपारी तिने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची माफी मागितली. सगळा प्रकार खराखुरा लिहिला, मनापासून आभार मानले. ज्याला कधी पाहिलं नाही त्याने आपली लाज राखली, हेही लिहिलं. शेवटी बाबांच्या अटीची ओळ घातली: "वडील विचारताहेत, तुम्ही जेवलात का?"

"जेवलो," उत्तर आलं. "इतक्या वर्षांत हजारो तक्रारी आल्या. हे मात्र पहिल्यांदाच कुणी विचारलं. वडिलांना नमस्कार."

आठवड्याने तिने त्या प्रोग्रॅमचं माहितीपुस्तक उघडलं. 'तक्रार करण्यापूर्वी' या मथळ्याखाली आधी दोनच सूचना होत्या: वायर तपासा, नेट तपासा.

आता तिसरी आली होती: वडिलांना विचारा.