माणिकप्पांचे मुख यंत्रास न पटले त्याची हकीकत

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

समस्त वाचक मंडळींचे सेवेशी विज्ञापना ऐसीजे. उदगिरास पूर्वी मोठी लढाई जाहली, तीत हत्ती, घोडे, तोफा होत्या, सबब तिची कीर्ती थोरामोठ्यांनी लिहोन ठेविली. सांप्रत त्याच उदगिरात, चौकातील फ्लेक्स छापण्याचे दुकानी, जे युद्ध जाहले त्यात माऊस एक, कीबोर्ड एक आणि चहा बेसुमार इतकाच सरंजाम होता, म्हणोन कोणी लेखणी उचलली नाही. हा अन्याय आम्हांस सोसवेना, मग लिहावयास बसलो.

दुकानाचे धनी माणिकप्पा. अवघ्या तालुक्याचे चेहरे यांणी छापिले, वाढदिवसवाल्यांचे छापिले, निवडून आलेल्यांचे छापिले आणि पडलेल्यांचेही आभारप्रदर्शनार्थ छापिले. परंतु खुद्द त्यांचे तीर्थरूप शिवप्पा, जे लिंगैक्य जाहले, त्यांची एकही तसबीर घरी नव्हती. शिवप्पांस फोटोचे मोठे भय. कॅमेरा दिसला की ते लघवीचे निमित्त करून पसार होत, ते पंगत उठल्यावरच प्रकटत. सबब दरसाल पुण्यस्मरणास त्यांच्या पटक्यासच हार घालीत आणि मातुश्री शिवम्मा, ज्यांस घरी अव्वा म्हणत, त्या रिकाम्या पटक्यासमोर दिवसभर बसून राहत. ही गोष्ट माणिकप्पांच्या काळजात सलत असे.

यंदा ईश्वरे कृपा केली. बिलोलीच्या भाच्याच्या मोबाइलात, एका लग्नाच्या फोटोत, पाहुण्यांच्या गर्दीमागे, शिवप्पा बेसावध सापडले. चिरंजीव वीरेश यांणी तो मुखडा गर्दीतून सोडवून आणिला, साफसूफ केला आणि दुकानाच्या संगणकात ठेविला. माणिकप्पांचा मनसुबा ऐसा, की पुण्यस्मरणाचे दिवशी तसबीर छापावी, चौकट करावी, दुपारी जंगम स्वामी प्रसादास येण्याआधी भिंतीस लावावी, आणि अव्वांनी आपला धनी तेव्हाच पाहावा, तोवर झलकही दाखवू नये.

तो दिवस उजाडला. आता संगणक कैक महिने धमकावीत होता, की जुनी प्रणाली थकली, तिचा बंदोबस्त संपला, नवी घ्यावी. माणिकप्पा दरवेळी ‘नंतर’ म्हणोन त्यास वाटेस लावीत. परंतु त्या सकाळी त्यांच्या मनात आले, की दिवस चांगला, हातून नवे काही घडावे. वीरेश यांणी हात जोडून विनविले, “आप्पा, आधी फोटू काढू की, मग करा ना अपग्रेड.”

माणिकप्पा गरजले, “बापाचा फोटू जुन्या सिस्टीमवर काढतेत का? दाब बटन!”

मग बटण दाबिले. पडदा काळा जाहला, गोल चक्र फिरों लागले, आणि यंत्र कैक वेळा निजले आणि कैक वेळा उठले. अखेर नवी प्रणाली सिंहासनी बसली आणि तिणे पहिला हुकूम सोडिला, की मालकांनी तोंड दाखवावे, पुढे तेच पाहोन दार उघडेल. माणिकप्पांनी तोंड दाखविले. दुसरा हुकूम, की जोडीस गुप्त आकडा ठेवावा, जो दुसऱ्या कोणास सुचणार नाही. माणिकप्पांनी वीरेशसही पाठ फिरवावयास लावून ऐसा काही अगम्य आकडा ठेविला, की तो पुढे खुद्द त्यांसही सुचला नाही.

मग दरबार भरला. रस्त्यापलीकडचे हार्डवेअरवाले संगप्पा गिऱ्हाईक सोडून पाहावयास आले. नव्या राज्यात पाहावे तो सारेच उलटेपालटे. डाव्या कोपऱ्याचे पिढीजात वतन सोडून स्टार्टचे बटण मधोमध येवोन बसलेले, खिडक्यांचे कोपरे झिजल्यासारखे गोल, आणि खाली एका कोनाड्यात यंत्र आपण होऊन सांगते, की उदगिरात ऊन आहे. हे तर दारातले कुत्रेही जाणत होते. वर एक अदृश्य कारभारी न विचारता विचारी, की मी आपली काय सेवा करू. संगप्पांनी निर्णय दिला, “लई गुळगुळीत करून ठेवलंय. जुनं बरं व्हतं.” जुने होते तेव्हा त्यासही ते नावेच ठेवीत, परंतु ते असो.

आता या घरचा रिवाज ऐसा, की नवी वस्तू आली की तिच्या कपाळी विभूतीचे तीन पट्टे ओढावे, मगच हात लावावा. मोटारसायकलीस ओढिले, फ्रिजास ओढिले, मग यंत्रास का नको? माणिकप्पांनी पडद्याचे कपाळ शोधिले. वरच्या काठी, बरोबर मध्यभागी. तेथेच यंत्राचा तो बारीक डोळा होता, ज्याने ते मालकास ओळखी. माणिकप्पांनी भक्तिभावे तीन बोटे ओढिली, भरघोस ओढिली, आणि नारळ फोडून खोबरे वाटेतो यंत्र निजले.

मग उठविले, तो यंत्र म्हणे, आपणास ओळखले नाही.

येथोन युद्धास तोंड लागले. माणिकप्पांनी चष्मा काढिला, ओळखले नाही. चष्मा चढविला, ओळखले नाही. केस विंचरिले, ट्यूबलाइट जवळ आणिली, तरी नाही. आकडा घालावा तर तो आठवेना, आणि चार वेळा चुकताच यंत्राने थोडे थांबावे ऐसे बजाविले. संगप्पांनी मसलत दिली, की हसून पाहावे. दुकान उघडल्यापासोन माणिकप्पा गल्ल्यावर कधी हसले नव्हते. ते हसले, आणि दारात आलेले गिऱ्हाईक भिऊन माघारी गेले, यंत्र मात्र ढळले नाही. लातुरास एका जाणत्यास फोन लाविला, त्याणे सांगितले, की सारे पुसून नव्याने घालावे, आतील चित्रे मात्र जातील. आणि बिलोलीच्या भाच्याचा मोबाइल, ज्यात मूळ फोटो होता, तो मागेच विहिरीत पडला होता.

माणिकप्पा मट्कन खाली बसले. म्हणाले, “वीरेश, बाप एकदाच घावला रे, अन् तो बी मीच कोंडून ठेवला.” दुपार होत आली होती. स्वामी स्कूटरवर निघाल्याचा निरोपही येऊन पोचला होता.

मग माणिकप्पांस वाटले, पूजेतच काही चुकले, पुन्हा करावी. पुन्हा करणे तर आधीची विभूती पुसावी, हाही रिवाजच. त्यांणी ओल्या फडक्याने यंत्राचे कपाळ हळूच पुसले, आणि बोट उचलताच पडदा लखलखला आणि यंत्राने नाव घेऊन माणिकप्पांचे स्वागत केले. संगप्पांनी साक्षात्कार जाहीर केला. वीरेश यांणी फडके पाहिले, डोळा पाहिला, सर्व उमजले. परंतु वडिलांचे डोळे भरलेले पाहोन ते इतकेच वदले, “आप्पा, आता कपाळाला नको, स्टँडला लावा.”

मग एकच धांदल. वीरेश यांणी मापे घातली, आठ आणि बारा, नित्याप्रमाणे, आणि छापण्याचा हुकूम सोडिला. जुन्या राज्यात आठ-बारा म्हणजे इंच, हे ठरलेले. नव्या प्रणालीने कोणास न पुसता तेथे फूट करोन ठेविले होते. मशीन घरघरत राहिले, फ्लेक्स येतच राहिला, आधी कपाळ आले, मग एक कान आला, आणि संगप्पा दारापर्यंत मागे सरले. चौकटीत बसणे नव्हते, भिंतही पुरणारी नव्हती. दुसरा छापावयास वेळ नव्हता. मग दोरखंड आणोन, दुकानावरच्या घराच्या गच्चीवरून थेट चौकात, बारा फुटी शिवप्पा सोडिले.

तेवढ्यात स्वामी आले, ते वर पाहोन स्कूटरवरच थांबले. अव्वांस बाहेर आणिले. अव्वांनी मान वर केली, तो बारीक मुखडा इतका ताणलेला, की जवळून नुसते चौकोनच चौकोन, नाक कोठे, डोळा कोठे, काही लागेना. माणिकप्पांचे तोंड उतरले. अव्वा रस्ता ओलांडों लागल्या. ऑटो थांबले, बस थांबली, कंडक्टर ओरडणार तो त्याणेही वर पाहिले. अव्वा पलीकडच्या फुटपाथावर पोचल्या, वळल्या, कपाळावर हात धरून पाहिले.

“हाव, हेच की हे,” अव्वा बोलल्या. “जन्मभर पळून राहिले. आता पळा म्हणावं कुठं पळता ते.”

आणि त्या मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांस गेला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. उभयपक्षी जखमी कोणी नाही, नारळ एक खर्ची पडला. त्या दिवशी अव्वांनी प्रसाद घेतला तो रस्त्यापलीकडे, संगप्पांच्या दुकानाच्या पायरीवर, ताट मांडीवर घेऊन, नवऱ्यासमोर बसोन.