खोक्यातून आलेलं बोलावणं

दोन पेडलांमधून एक निवडायचं, एवढंच सुदर्शनला करायचं होतं. (पण ज्याला सदऱ्याचं कापड निवडेपर्यंत दुकानदार शटर खाली ओढायला लागतो, त्याच्यासाठी हे ‘एवढंच’ नसतं.)

सुदर्शन दिवसा पिंपळवंडीच्या दूध संस्थेत कारकून आणि संध्याकाळी कुंडलिकच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटारवाला. बेस गिटार म्हणजे जाड तारांचं, ढब्ब आवाजाचं वाद्य. वाजत असलं तर कुणाला कळत नाही; थांबलं तर काहीतरी चुकतंय एवढं कळतं. पण कुंडलिकला दोन्ही वेळा चुकल्यासारखंच वाटायचं.

“तुझा बेस कधी मुंगीवानी, तर कधी म्हातारं माणूस खुर्चीवरून पडंल असा,” तो म्हणाला. “राजुरीच्या जत्रेआधी कायतरी कर राव.”

म्हणून सुदर्शन जुन्नरला महंमद हनीफच्या दुकानी गेला. हनीफभाईंनी हातात मावतील अशी दोन लोखंडी खोकी, म्हणजे गिटार आणि स्पीकरच्या मधे जोडायची पेडलं, पुढं ठेवली.

“ह्यो कंप्रेसर. मोठ्या आवाजाला दाबतो, बारक्याला वर उचलतो. अन् ह्यो ओव्हरड्राइव्ह. आवाज जरा फाडतो, गुरगुरल्यावानी. दोन्ही घरी न्या, ऐका, एक ठेवा.”

घरी म्हणजे मळ्यात. दोन हजार दोन साल होतं ते, आणि उसात बिबटे फार झाले होते. दिवस कलला की सगळा मळा दारं लावून घ्यायचा. त्या दिवशी तर कुत्रीही गप्प होती. वारा पडला होता, तरी घरामागचा ऊस मधूनच सळसळायचा आणि कुणी बघतंय असं वाटल्यासारखा एकदम थांबायचा.

सुदर्शननं स्पीकर ओसरीवर मांडला. गिटार जवळ ठेवली की स्पीकर किंचाळायचा, म्हणून ती आतल्या खोलीत खाटेवर, तिच्या नेहमीच्या जागी, नेऊन ठेवली आणि लांब वायर खिडकीतून बाहेर काढली. त्या खाटेच्या वर त्याच्या वडिलांचा, सयाजींचा, हार घातलेला फोटो होता. मग निवडण्याचा वैताग टाळायला त्यानं दोन्ही पेडलं एकामागोमाग जोडली आणि आधी नुसती खरखर किती येते ते बघावं म्हणून सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली.

आधी नुसतं ‘हूंऽऽ’ आलं. मग त्या हुंकारात कुणीतरी श्वास घेतला.

सुदर्शननं मागं पाहिलं. ओसरीवर कुणी नव्हतं. अंगणातली तुळस अंधारात विरघळायला लागली होती.

“अवोऽऽ,” स्पीकर म्हणाला.

तो आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. खोल विहिरीच्या तळाशी कुणीतरी घशात खडे घोळवत बोलावं, तसा होता.

“अवो, ऐकताय का... त्याला घेऊन जावा आता.”

सुदर्शनचा हात बटणावर होता, पण बोटं कुण्या दुसऱ्याचीच असावीत तशी हलेनात.

“लई दिस सोसलं म्या. कवाबी बगावं तवा खाटंवर पडून असतंय. कामाचं ना धामाचं. नुसती मान लांब अन् पॉट फुगल्यालं.”

सुदर्शननं खाली स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. (इथं शंकेला जागाच उरली नाही.)

इतक्यात गोठ्यातून धार काढून अश्विनी, त्याची बायको, दुधाची कासंडी घेऊन आली आणि पायरीवरच थबकली.

“अहो, कोण बोलतंय?”

“मला न्यायला आलेत.”

“कुठं न्यायला?”

“वर!”

“शुक्रवारच्या आत न्या,” स्पीकर गुरगुरला. शुक्रवारी राजुरीची जत्रा होती. सुदर्शननं स्पीकरपुढं गुडघे टेकले.

“उद्यापासून पहाटं उठीन,” तो हात जोडून म्हणाला. “पॉटबी कमी करीन. एवढी जत्रा होऊ द्या.”

अश्विनीचाही चेहरा उतरला होता, पण तिला एकदम सासूची आठवण झाली. “आत्याबाई एकट्याच आत हैत!” ती कासंडी तिथंच ठेवून आत पळाली, आणि पुढच्याच क्षणी स्पीकर गरजला, “आत्याबाईऽऽ!”

सुदर्शन ओसरीवरून जो उडाला तो थेट तुळशीपाशी. बायकोलाही धरलं, आता आईची पाळी, असं त्याला वाटलं.

मग उसात काहीतरी मोडल्यासारखं झालं. आणि तोच भयंकर आवाज, पण जरा लाडात येऊन म्हणाला, “सुदर्शनऽऽ... जेवण झाल्यावर भांडी घासशील का?”

“घाशीन!” सुदर्शन तुळशीला मिठी मारून ओरडला.

“रोज?”

“रोज घाशीन!”

त्यावर स्पीकर असा काही खिदळला की शेजारच्या वस्तीवरून गेणूनं बिबट्या समजून डबा बडवायला सुरुवात केली. अश्विनी पोट धरून बाहेर आली. खाटेवरच्या गिटारवर वाकून बोललं की बाहेर भूत बोलतं, हे तिला आतच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी हनीफभाईंनीही तेच सांगितलं: गिटारीतली, तारांखालची तांब्याची गुंडाळी सैल झालीय, ती माइकसारखी ऐकते, कंप्रेसरनं पुटपुटणं वर उचललं, ओव्हरड्राइव्हनं ते फाडलं.

पुटपुटणारी होती सारजाबाई, त्याची आई. दिवेलागणीला खाटेवर बसून नवऱ्याच्या फोटोशी बोलायचा तिचा रोजचा नेम.

“म्हणजे मला न्यायला सांगत व्हतीस तू?” सुदर्शननं तुळस सोडून आत येताच विचारलं. 

“तुला कशाला रं? त्या वाद्याला!” सारजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्ये घरात आल्यापासनं तू ह्या टायमाला माझ्यापाशी बसत न्हाईस. म्हनलं, ह्येंनीच न्यावं त्याला.”

सुदर्शन आईशेजारी खाटेवर बसला आणि फोटोतल्या वडिलांना दूध संस्थेतल्या दिवसभराच्या भानगडी सांगून टाकल्या.

पेडलाचा निकाल आपोआप लागला. कंप्रेसर ठेवला. ओव्हरड्राइव्ह परत करायला निघाला तर कुंडलिकनं वाटेतच धरला. सगळी हकीकत त्याच्या कानावर गेली होती. जत्रेत गाण्यांच्या मधे तो वेताळाचं एक सोंग करायचा आणि लोक त्याला दरवर्षी हसायचे; यंदा त्याला तोच भुताचा आवाज हवा होता.

राजुरीत शुक्रवारी वेताळ बोलला तेव्हा कुणी हसलं नाही. पडद्यामागं सारजाबाई खुर्चीवर बसून, सुदर्शननं तोंडापुढं धरलेल्या गिटारवर वाकून, सुनेला बोलतात त्याच सुरात, गावाला झाडत होत्या. पुढं बसलेले दांडगे गडी एकमेकांना चिकटले. कुणाच्या तरी हातातली भेळ सांडली. सोंग संपल्यावर शिट्ट्यांनी मंडप उचलला.

नंतर सुदर्शन गाण्यांवर बेस वाजवत राहिला. मुंगी नाही, खुर्ची नाही, एकसारखा, घोटीव. इतकं चांगलं त्यानं आयुष्यात वाजवलं नव्हतं.

कार्यक्रम आटोपल्यावर जत्रा कमिटीचे सावळेराम नारळ घेऊन आले. सारजाबाईंच्या पाया पडले, पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं. मग गिटार पोत्यात घालणाऱ्या सुदर्शनच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

“पावणं, म्या पडद्याच्या फटीतनं बघत व्हतो. आजींचा माइक तुमीच धरला व्हता ना?”

“हो,” सुदर्शन म्हणाला.

“लई झ्याक धरता राव. पण नंतर गाणी चालली व्हती तवा त्यो गळ्यात अडकवून कशापाय हुबा व्हता? खाली ठेवायचा की!”