थांब, फूक मार!

आमच्या गल्लीत शिरणाऱ्याला आधी किसनमामांच्या नाकासमोर फूक मारावी लागते. मामा शाळेतले निवृत्त शिपाई आणि मानवतमधल्या आमच्या गल्लीपुरते दारूबंदीचे एकमेव कार्यकर्ते. संध्याकाळी ओट्यावर बसून येईल त्याला अडवतात. "थांब, फूक मार!" वास आला की माणूस थेट बायकोच्या ताब्यात. एकदा तर नवरदेवाला घोड्यावरून वाकायला लावलं होतं.

आणि एका सकाळी मामाच झिंगत आले. मी परभणीला कॉलेजच्या बससाठी निघाले होते. मामा घामानं निथळत विजेच्या खांबाला दरडावत होते, "थांब, फूक मार!"

"मामा, खांब काय म्हणायलाय?" शंकरभाऊंनी विचारलं. ते मामांच्या तावडीत तीनदा सापडलेले. "आता तुमी मारा फूक!"

वास नव्हता. तरी गल्ली हसली ती हसलीच.

आईनं त्यांना ओट्यावर बसवून गोडमिट्ट चहा पाजला. दहा मिनिटांत मामा ताठ! पण असं वारंवार व्हायला लागलं, नेहमी उपाशीपोटी. आईनं सांगून ठेवलं, उठलं की आधी आमच्याकडं येऊन गुळाचा खडा खायचा. मामांनी मात्र संध्याकाळचा ओटा सोडला. म्हणाले, "मरायचं भ्या न्हाई. पण बेवडा म्हणून मरणार न्हाई. चल डॉक्टरकडं."

गल्लीत कॉलेजात जाणारी मी एकटी, म्हणून सोबत मी. डॉक्टरांसमोर मी धीर करून म्हणाले, "सर, चुकत असेन, पण गोड दिलं की हे शुद्धीवर येतात."

डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहिली, ती फार कमी निघाली; मग छातीचा फोटो काढला. फुप्फुसाच्या आवरणावर नारळाएवढी गाठ होती. खोकला नाही, दुखणं नाही; ती गाठच साखर उतरवत होती. डॉक्टर म्हणाले, असं फार क्वचित होतं, पण गाठ काढावीच लागेल.

"काढा. अन् कागदावर लिहा, दारू नव्हती."

ऑपरेशनआधी संभाजीनगरच्या दवाखान्यात श्वासाची तपासणी होती. सिस्टरनं नळी पुढं केली. "मामा, जोरात फूक मारा."

मामा लालबुंद झाले. "इथंबी?" आणि असे फुंकले, की सिस्टर दचकून मागं सरली. "घ्या! सापडतीय का बघा!"

गाठ अख्खी निघाली. साखर जागेवर आली. मामा पुन्हा ओट्यावर बसले, तेव्हा शंकरभाऊंनी न सांगता येऊन फूक मारली. वास आला. मामांनी त्यांना हाताला धरून घरी पोचवलं.

पण सकाळी सहाला मामा अजून आमचं दार वाजवतात. परवा मी बोलून गेले, "मामा, आता गुळाची गरज नाही ना?"

मामा ओशाळले. खडा हातातच राहिला.

"न्हाई गं. पण तुझी मामी गेल्यापासनं सकाळी कुणाचं दार वाजवायला कारणच नव्हतं."

आई गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवत होती. तिनं तो खाली घेतला आणि दाराजवळ ठेवला.