पलंगाखालची जागा

"पलंग पोरीसाठी घ्यायचाय का गोधड्यांसाठी?" बद्रीनाथ दुकानात एवढ्या जोरात ओरडला, की पलीकडच्या गादीवर बसून तिचा मऊपणा तपासणारं जोडपं दचकून उभं राहिलं.

जालना रोडवरचं हे तिसरं दुकान. पहिल्या दुकानात मोटारीच्या आकाराचा पलंग दाखवला होता. "झोपायचं का चालवायचं?" असं विचारून बद्रीनाथ तिथून निघाला. दुसऱ्यात वरून खाली घसरगुंडी लावलेला दुमजली पलंग होता. तिथं त्यानं काही विचारलंच नाही, नुसता कपाळावर हात मारून घेतला. आणि आता तिसऱ्या दुकानात त्याची आई द्वारकाबाई पेटीच्या पलंगावर हात ठेवून हटून बसल्या होत्या, कारण त्या पेटीत घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या मावणार होत्या. बायको रेणुका सर्वांत लांब पलंगाशेजारी उभी होती, कारण तो पोरगी दहावी होईपर्यंत पुरणार होता.

"अहो, सारखा सारखा थोडाच घेणार आपण?" रेणुका म्हणाली.

"आत्ता दुसरीत हाये ती! दहावीचं आत्तापासून अंथरूण घालती का?"

खरं तर बद्रीनाथला राग यायला कारण लागत नसे. चितेगावच्या कंपनीत तो सुपरवायझर होता आणि तिथली यंत्रंसुद्धा त्याला वचकून असतात असं लोक म्हणत. नळाला पाणी आलं नाही की तो ओरडे, आणि आलं की एवढ्या उशिरा का आलं म्हणून ओरडे. सिडकोतली त्याची गल्ली घड्याळाऐवजी त्याच्या आवाजावर चाले.

"साब, बेबी किधर गयी?" दुकानातल्या माणसानं घाबरून विचारलं.

सगळे शोधू लागले. सात वर्षांची ईश्वरी कोपऱ्यातल्या एका पाच फुटी पलंगाच्या खाली मांडी घालून बसली होती. दुकानात आल्यापासून ती एकाही पलंगावर चढली नव्हती, प्रत्येकाच्या खाली मात्र शिरून आली होती.

"बेटा, उप्पर सोने का रहता," दुकानदार वाकून म्हणाला.

"पप्पा, हाच!" आतून आवाज आला. "ह्याच्याखाली डोकं लागत नाही."

द्वारकाबाई आणि रेणुका दोघीही हसल्या. बद्रीनाथ हसला नाही. त्याच्या घरी गावाकडून माणसांची रीघ असे. कुणी घाटी दवाखान्यात दाखवायला, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी पोराच्या अ‍ॅडमिशनला. आला पाहुणा की ईश्वरीचं अंथरूण सरकलंच. "ऊठ बाळ, तिकडं हो जरा," हे वाक्य तिनं जन्मापासून ऐकलं होतं. तिच्या बाहुल्यासुद्धा पिशवीत राहत, कधी हलायला लागेल याचा नेम नाही म्हणून. पोरीला झोपायला जागा नको होती, कुणी उठवणार नाही अशी जागा हवी होती. हे त्याला त्या पलंगाखाली वाकून बघताना कळलं, आणि एवढे दिवस आपल्याला कळलं नाही याचा त्याला भयंकर राग आला.

"हाच द्या," तो दुकानदारावर खेकसला. मग पोरीला म्हणाला, "हा तुझा. वर बी तुझा, खाली बी तुझा. इथून तुला कोणी उठीवणार नाय. शब्द देतो."

पलंग घरी आला तो नेमका धोंड्याच्या महिन्यात, आणि त्या महिन्यातही नेमका जावयाच्या जेवणाच्या दिवशी.

हे जेवण साधं नव्हतं. बद्रीनाथची धाकटी बहीण आशाबाई लासूर स्टेशनला दिली होती. तिचा नवरा, ज्याला ईश्वरी मामा म्हणे तो काकासाहेब, मोठा बागायतदार, सहा फूट उंच, मिशा भरघोस आणि रागाच्या बाबतीत बद्रीनाथचा सख्खा भाऊ शोभेल असा. दोन दिवाळ्यांमागं जेवताना ते सहज म्हणाले होते, "शहरात राहून काय कमावलं तुम्ही? प्यायला पाणी नाय!" त्यावर बद्रीनाथ जे बोलला त्यानं काकासाहेब भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून आशाबाईचं माहेर बंद होतं. आता अधिक महिन्याच्या निमित्तानं द्वारकाबाईंनी शंभर निरोप धाडून दोघांना बोलावलं होतं.

"या महिन्यात जावई म्हणजे नारायण असतो," सकाळी त्यांनी लेकाला देवघरासमोर उभं करून बजावलं. "आज तुझा आवाज चढला, तर आशी पुन्हा ह्या घरात यायची नाय. घे शपथ."

बद्रीनाथनं शपथ घेतली. पण नुसत्या शपथेवर रेणुकाचा विश्वास नव्हता. तिनं अनारशांचा डबाच हाताशी ठेवला. "राग आला की एक तोंडात टाकायचा," ती म्हणाली. "तोंड भरलेलं असलं की सुटत नाही."

ईश्वरीच्या खोलीचा रंग अजून ओला होता, म्हणून पलंग बैठकीत ठेवला आणि जागा व्हावी म्हणून सोफा गच्चीवर गेला. नवी वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लावायचं, हा द्वारकाबाईंचा नेम. मिक्सर आला तेव्हा त्यालाही त्यांनी फूल वाहिलं होतं. पलंगावर तर त्यांनी सोलापुरी चादर अंथरली, चारी पायांना कुंकू लावलं आणि उशाला झेंडूची माळ बांधली.

आणि काकासाहेब आले. सोफा गच्चीवर, खुर्च्या शेजारी. पाय धुवायला जावयाला बसवायचं कुठं? द्वारकाबाईंनी पलंग दाखवला. काकासाहेब माळेखाली बसले, पितळी परातीत पाय ठेवले, आणि बद्रीनाथ ते धुवायला खाली बसला. तेवढ्यात शेजारची सरूबाई खुर्च्या परत द्यायला आली आणि दारातच थबकली.

"अगं बया! जावयाला पलंग केला व्हय धोंड्यात?"

काकासाहेबांनी बसल्या जागी पलंगावर हात फिरवला. आशाबाईनं माळ बघितली, कुंकू बघितलं, पाय धुणारा भाऊ बघितला आणि तिचे डोळे भरून आले.

"दादा," ती एवढंच म्हणाली.

बद्रीनाथनं आईकडं पाहिलं. द्वारकाबाईंनी लेकीच्या डोळ्यांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडून हळूच निघून गेलं, "व्हय."

रेणुकानं तत्परतेनं नवऱ्याच्या तोंडात अनारसा कोंबला.

तो दिवसभर अनारसेच खात राहिला. स्वयंपाकघरात त्यानं आईला गाठलं. "आई, तो पलंग पोरीचा हाये! मी शब्द दिलाय!"

"हळू बोल. कुंकू लावून बसवलेल्या जावयाला ऊठ म्हणायचं का? मागं ताटावरून उठवलं, आता पलंगावरून उठव."

मग त्यानं चांदीचं निरांजन पुढं केलं, म्हणजे जावयाचं मन तिकडं वळेल. काकासाहेबांनी ते घेतलं, पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, "पलंग केला ते बेस केलं बद्रीभाऊ. आमचा पिकअप मोंढ्यात आलाय माल घेऊन, जाताना रिकामाच जाणार. बोलावून घेतो इकडं."

बद्रीनाथची कानशिलं तापली. बोलायला त्यानं तोंड उघडलंही होतं, पण आशाबाईनं त्याला दाराआड ओढलं. "दादा, दोन वर्षं सासूबाई म्हणायल्यात, भाऊ भांडकुदळ हाये तुझा, ताटावरून उठीवतो. आता पलंग घेऊन उतरते स्टेशनात. बघते कोण बोलतं ते."

बद्रीनाथनं पुढचा अनारसा स्वतःच घेतला. बहिणीकडं बघवेना आणि पोरीकडं बघायची छाती होईना. पोरगी तशी बऱ्याच वेळापासून दिसतही नव्हती.

जेवण झालं. धोंड्यावर तुपाची धार, वर पुन्हा आग्रह. काकासाहेब जड होऊन पलंगावर टेकले. पिकअपचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजला. त्याच क्षणी पलंगातून आवाज आला.

"मामा, उठा."

काकासाहेब ताडकन सरळ झाले. "कोण हाय?"

"मी. तुम्ही माझ्या घरावर बसलात. फळी खाली आली. माझं डोकं लागायलंय."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. बद्रीनाथनं डोळे मिटले. संपलं, त्याच्या मनात आलं, गेलं माहेर बहिणीचं. काकासाहेब उतरले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी चादरीची झालर वर केली.

"पलंग कुणाचा हाय गं?"

"माझा. पप्पांनी शब्द दिलाय, इथून मला कुणी उठवणार नाही म्हणून. पण आजी म्हणती जावयाला नाही म्हणता येत नाही. म्हणून पप्पा सकाळपासून अनारसे खायलेत."

काकासाहेबांनी मान वळवून बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथचे दोन्ही गाल फुगलेले होते. त्याला ना गिळता येत होतं ना बोलता. काकासाहेबांच्या मिशा थरथरल्या. आता काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं. भावकीतला कुणीतरी, बांधाच्या भांडणाचा. ते नाव बघून त्यांचं तोंड असं उतरलं, की बद्रीनाथला घटकाभर स्वतःचा राग आठवेना.

काकासाहेबांनी फोन वाजता वाजता पलंगावर टाकला. "सरक जरा," ते ईश्वरीला म्हणाले.

"चप्पल काढा."

"काढलीय."

आणि लासूर स्टेशनचे काकासाहेब, कडक इस्त्रीच्या सदऱ्यासकट, पलंगाखाली गेले. गुडघ्यापासून खालचे पाय तेवढे बाहेर राहिले.

"अहो, हे काय! फोन वाजायलाय!" आशाबाई ओरडली.

"मी नाय म्हण," पलंगाखालून आवाज आला.

पिकअपवाला हॉर्न वाजवून थकला. फोन वाजून थकला. पलंगाखाली आधी कुजबुज चालली, मग एक बाहुली कुणाच्या तरी लग्नाला निघाली, मग घोरणं ऐकू आलं. चहा झाला तरी जावई बाहेर येईनात आणि त्यांना उठवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आणि उठवायचं म्हटलं, तर तिथून कुणालाही न उठवण्याचा शब्द बद्रीनाथनंच दिलेला होता.

उन्हं उतरल्यावर काकासाहेब बाहेर आले. सदऱ्याला धूळ, चेहरा निवलेला.

"बद्रीभाऊ," ते म्हणाले, "पलंग पोरीचा हाय, पोरीलाच ऱ्हाऊ द्या. सकाळीच सांगायचं होतं. मी काय वाघ हाय?"

द्वारकाबाईंनी देवाला हात जोडले. बद्रीनाथचे डोळे पाणावले. तो 'दाजी' म्हणणार, तोच काकासाहेब पुढं म्हणाले, "पण असाच एक मला पाहिजे. साडेसहा फुटी. खालून उंच. आमच्या घरात चौदा माणसं, वर सोसायटी, वर भावकी. मला बी कोणी शोधायला नको अशी एक जागा पाहिजे. धोंड्याचा महिना हाय, नाय म्हणू नका."

बद्रीनाथच्या डोक्यात सर्रकन रक्त चढलं. त्यानं रेणुकाकडं हात केला. रेणुकानं डबा उलटा करून दाखवला. अनारसे संपले होते.

दुसऱ्या दिवशी जालना रोडवरच्या त्या तिसऱ्या दुकानात बद्रीनाथ दात आवळून उभा होता. काकासाहेब एका मोठ्या पलंगाखाली पालथे पडले होते आणि ईश्वरी शेजारी उकिडवी बसून त्यांना शिकवत होती. "मामा, आधी मांडी घाला. लागतं का डोकं? लागत असंल तर घ्यायचा नाही."

"लागायलंय."

"मग दुसरा."

काकासाहेब सरपटत पुढच्या पलंगाखाली गेले. ते बघून दुकानदाराला राहवलं नाही. त्यानं नोकराला कोपरानं ढोसलं आणि दोघं तोंडावर हात ठेवून हसू लागले.

झालं. देवघरासमोरची शपथ, डबाभर अनारसे, काल दिवसभर गिळलेला एकेक शब्द, सगळं बद्रीनाथच्या गळ्यातून एकदम वर आलं.

"दात काय काढतो?" तो असा गरजला, की वरच्या माळ्यावरचं गिऱ्हाईक खाली डोकावलं. "जावई हाये आमचे! पायजे त्या पलंगाखाली जातील! उंच पलंग ठेवता येत नाय तुला दुकानात? माझे दाजी वाकून बसायचे का? काढ, अजून उंच काढ!"

दाराशी उभ्या असलेल्या आशाबाईनं घाईनं फोन काढून लासूर स्टेशनला सासूबाईंना लावला आणि तो हात लांब करून दुकानाच्या मधोमध धरला.

"ऐकू यायलंय का?" ती म्हणाली. "माझा दादा भांडायलाय. ह्यांच्यासाठी."